विरजण लावलेलं पाणी

माझ्या काकाचं नाक साधं नव्हतं. आमच्या पडवीत बसून तो सांगायचा की तोंडवलीत कुणाच्या तरी कढीत हिंग जास्त पडला, आणि मधे दोन वाड्या, एक ओहोळ आणि वाळत घातलेल्या बांगड्यांचा अख्खा किनारा आडवा असायचा. मी स्वतः दोनदा चालत जाऊन खात्री करून घेतलेली आहे. दुसऱ्या खेपेला त्या घरच्या बाईने मला कढी वाढली. हिंग खरंच जास्त होता.

असल्या नाकाच्या माणसाने अठ्ठावीस वर्षं नोकरी कुठे केली असेल? मुंबईला, मैलापाणी साफ करायच्या कारखान्यात. अख्ख्या शहराची घाण नळांतून जिथे येऊन पडते, तिथे पंपावर.

ही गोष्ट गावात मला एकट्याला ठाऊक होती. गावाला काकाने सांगितलं होतं, "पाणीखात्यात आसय." त्यात अक्षरभर खोटं नव्हतं, पाणीच होतं ते. कसलं पाणी, हे कुणी विचारलं नाही आणि काकाने आपण होऊन सांगितलं नाही. आमच्याकडे पाणीखात्यातला माणूस म्हणजे ढगांवर सही करणारा अधिकारी असा समज होता. पाऊस लांबला की लोक काकाला पत्र घालत.

लपवायचं कारण साधं होतं. देवीच्या न्हाणाचा मान आमच्या घराण्याकडे. माघातल्या जत्रेच्या सकाळी घरातल्या वडील पुरुषाने गोड्या बावीतून, म्हणजे विहिरीतून, तांब्याचा हंडा भरायचा, खांद्यावर घेऊन अनवाणी देवळात जायचं, आणि त्या पाण्याने देवीला आंघोळ घालायची. काका त्यासाठी दरवर्षी बोटीने मालवण बंदरात उतरायचा. एका वर्षी बोट चुकली तर एस.टी., मग बैलगाडी, आणि शेवटचे चार कोस पळत. ज्या हातांनी तो हंडा उचलतो ते हात बाकीचं वर्ष कसल्या पाण्यात असतात हे गावाला कळलं असतं, तर मान त्याच दिवशी गेला असता. शिवाय त्या कारखान्यात टाक्यांत उतरणारी माणसं कुठल्या वस्तीतली होती हे मी सांगायला नको. काका त्यांच्याकडून काम शिकला, अठ्ठावीस वर्षं त्यांच्या डब्यातलं जेवला. गावाला त्याचा विटाळ मैल्यापेक्षाही मोठा वाटला असता. काकाला मूलबाळ नव्हतं, काकी लवकर गेलेली. वर्षातली ती एक सकाळ काढून घेतली असती तर त्याच्यापाशी काही उरलं नसतं.

तो कायमचा गावी आला तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. मी गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेत मास्तर होतो. वाडीत सात बावी. सहांचं पाणी मचूळ, कारण समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तो जमिनीखालून उधार मागायला येतोच. सातवी तेवढी गोडी. तिच्या पाण्याचा चहा केला तर गूळ घालायचा की नाही यावर नवराबायकोंत भांडणं होत.

आणि त्याच वर्षी ती बाव नासली.

आधी कुणाचा विश्वास बसेना. पाण्याला आंबूस वास यायला लागला, मग वर साबणासारखा तवंग, मग कळशीच्या तळाशी काळा गाळ. वाडीने एकमताने गुन्हेगार ठरवला: वयनी.

ही वयनी साऱ्या गावाची वहिनी. चाळिशीची, एकटी, भात उकडून द्यायची. आमच्याकडे उकड्या तांदळाशिवाय पेज होत नाही, आणि उकडा करायचा तर भात आधी तीन दिवस पाण्यात भिजवायचं, मग मोठ्या भांड्यात वाफवायचं, मग मांगरासमोर, म्हणजे गवती खोपटासमोर, वाळवायचं. आधी घरोघर करत. पण वयनीचा हात असा बसलेला, की एकेक करत सगळ्यांनी आपलं भात तिच्याकडे टाकलं. तीन दिवस भिजलेल्या भाताच्या पाण्याला काय वास येतो हे ज्याने घेतला त्यालाच ठाऊक. वयनीच्या अंगणावरून जाताना कावळे उंची वाढवायचे. ते सगळं पाणी ती पाटात सोडायची, पाट उतरत उतरत गोड्या बावीच्या बाजूला जाऊन रेतीत जिरायचा.

गावकर म्हणजे गावचा प्रमुख मानकरी, तो चार माणसं घेऊन तिच्या दारात गेला.

"वयनी, चूल बंद कर. बाव नासली."

"चूल बंद केलंय तर उद्या पेज कसली जेवतलंस? वाळूची?"

"मगे ह्या घाण पाणी खंय सोडतलंस?"

"तुज्या डोक्यार. थय तरी कायतरी उगवात."

गावकराला टक्कल होतं. लोक हसले, पण त्याने जाताना बजावलं की पुढच्या वर्षीच्या जत्रेपर्यंत बाव सुधारली नाही तर चुलीची भांडी उचलून नेईन.

काका त्या संध्याकाळी बावीवर गेला. राजू, म्हणजे पाणी ओढायचा दोर, त्याने नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मी वाट बघत उभा.

"उकड्याचा पाणी आसा," तो म्हणाला. "पण तेच्यात गोठ्यांचा मूत आसा. न्हाणीचो साबण आसा. आमच्या न्हाणीचो पण. वयनी एकटी नाय रे, झिला. सगळी वाडी बावीत सोडता."

"करूक येता काय कायतरी?"

"येता." त्याने दोर परत काठावर टाकला. "पण केलंय तर विचारतले, खंय शिकलंस म्हणान."

माघात जत्रा आली. काकाने त्याच आंबूस पाण्याचा हंडा भरला, कारण रीत ती रीत. देवीच्या अंगावर पाणी ओतताना तो श्वास रोखून उभा होता हे मला बाजूने दिसलं. हार, अबीर, धूप, सगळ्यावर मात करून तो वास गाभाऱ्याबाहेर आला आणि लोकांनी नाकाला उपरणी लावली. घरी आल्यावर काका जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पेज पिताना म्हणाला, "मे महिन्यात शाळेक सुट्टी मा? मुंबैक येवचा लागात."

असा मी तो कारखाना पाहिला. मी तोपर्यंत सावंतवाडीचा तलाव म्हणजे माणसाने पाण्याला लावलेली शिस्त असं समजत होतो. इथे शहराचं काळं पाणी नदीएवढ्या नळातून गर्जत येत होतं, आणि त्यात काय काय होतं ते मी लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल. काकाच्या जुन्या सोबत्यांनी आम्हाला आत घेतलं, चहा पाजला आणि हौदामागून हौद दाखवला. पहिल्यात जड ते खाली बसत होतं. दुसऱ्यात यंत्र खालून हवा सोडत होतं आणि अख्खा हौद पेज उतू जावी तसा उसळत होता. शेवटच्या गोल हौदाच्या काठावरून पाणी पातळ पडद्यासारखं ओघळत होतं, आणि ते पाणी स्वच्छ होतं. मी खाली वाकून माझा चेहरा पाहिला. भांगसुद्धा दिसला.

"औषध काय घालतास?" मी विचारलं.

एक म्हातारा सोबती हसला. त्याने आम्हाला तपासणीच्या खोलीत नेलं, उसळत्या हौदातला एक थेंब काचेवर ठेवला आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण त्या थेंबात जे होतं ते मला रचता आलं नसतं. लांब देठांवर इवल्या घंटा. शेकडो. प्रत्येक घंटेच्या तोंडाशी केसांचं कडं फिरत होतं आणि त्या भोवऱ्यात घाणीचे कण ओढले जात होते. मधेच एखादी घंटा दचकायची, देठ स्प्रिंगसारखा गोळा व्हायचा, आणि परत सावकाश उभा राहायचा. त्यांच्यामधून पारदर्शक चपला सरपटत होत्या. जत्रेच्या माळावर दुपारी असते तशी गर्दी, आणि सगळे जेवायला बसलेले. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. काकाने खांद्याला हात लावला तेव्हा माझ्या डोळ्याभोवती काळं वर्तुळ उमटलेलं होतं.

"हेच औषध," काका म्हणाला. "हे खातत म्हणान पाणी साफ होता. तेंका फक्त वारो होयो आणि पोटभर जेवाण."

मग त्याने पत्र्याचा एक डबा पुढे केला आणि सोबत्याने त्यात उसळत्या हौदातला तपकिरी गाळ भरून दिला. दुधाला विरजण लागतं तसं घाणीलाही लागतं, असं काकाचं म्हणणं. गावात आपोआप जमायला महिने जातील, जाणत्या घराण्याचं विरजण असलं की काम लवकर धरतं.

परतीच्या बोटीचा प्रवास मी विसरणार नाही, आणि त्या डेकवरचे इतर प्रवासीही विसरले नसतील. पावसाआधीची शेवटची बोट, माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. त्यात त्या गाळातल्या जिवांना हवा लागते म्हणून काका दर तासाला डब्याचं झाकण काढून पळीने ढवळायचा. पहिल्यांदा काढलं तेव्हा आमच्याभोवती हातभर जागा झाली. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा आम्ही दोघे पाय पसरून झोपलो. रत्नागिरीच्या पुढे तर डेकचा अर्धा भाग आमचा होता, आणि बोट दुसऱ्या बाजूला कलली म्हणून खलाशी शिव्या घालत होते. मालवणला उतरताना वयनीच्या माहेरचा एक माणूस भेटला, डब्याकडे बघून विचारलं, "हलवो काय?" काका म्हणाला, "होय. पण अजून घट जावचो आसा."

गावात त्याने सांगितलं की केळीची बाग लावतो. खोदायला आम्ही दोघे आणि तिसरी वयनी, कारण पाट तिच्याच दारातून वळवायचा होता.

"केळींका माजा पाणी होया? घेवा की. पण केळी आंबट झाली तर माका सांगा नकात."

पहिला खड्डा खोल, चिऱ्यांनी बांधलेला, मधे आडवी भिंत. त्यात जड गाळ खाली बसायचा. त्यावर बांबू आणि माती. वाडीतल्या न्हाण्या आणि गोठे यांची पाणीही काकाने हळूहळू त्याच पाटाला जोडून घेतली. प्रत्येकाला सांगितलं की तुमच्या पाण्याला केळी फार मानवते, आणि प्रत्येकाला ते खरं वाटलं. दुसऱ्या खड्ड्यात चिऱ्याचे मुठीएवढे तुकडे रचले आणि वरून भोकं पाडलेल्या बांबूंतून पाणी ठिबकत ठेवलं. यंत्र कुठून आणणार? थेंब पडताना हवा घेतो, तेवढी पुरे, काका म्हणाला. त्या दगडांवर त्याने डब्यातलं विरजण हाताने लावलं, भिंतीला गिलावा करावा तसं हळुवार. तिसऱ्या खड्ड्यात रेती, करवंट्यांचा कोळसा, खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले. त्यापुढे कर्दळ आणि अळू दाट लावलेला लांब वाफा. शेवटी डबक्याएवढं तळं, त्यात बारीक मासे सोडलेले. तिथून उरलेलं पाणी मातीच्या नळ्यांतून वाटेखालून जाऊन देवळाच्या बाजूच्या चिऱ्याच्या दरडीपाशी जमिनीत जिरायचं, गोड्या बावीपासून पुरतं लांब.

पावसाळ्याने बावीजवळची रेती धुऊन काढली, आणि न्हाण्या-गोठ्यांच्या पाण्यावर विरजण तगून राहिलं. दिवाळीनंतर नवं भात आलं, वयनीची चूल पुन्हा पेटली, आणि पाटाला जोर आला. दगडांवर आधी राखाडी, मग तपकिरी बुळबुळीत थर धरला. काका रोज सकाळी बोटाने तो चाचपून बघायचा. पौषात एका सकाळी त्याने मला हाक मारली. मी पहिल्या खड्ड्याशी नाक धरून सुरुवात केली आणि शेवटच्या तळ्याशी पोचेपर्यंत हात खाली आला होता. तळ्यात मासे फिरत होते आणि त्यांच्या सावल्या तळावर मोजता येत होत्या. कर्दळीची पानं नावेच्या शिडाएवढी झालेली. अळवाच्या एका पानाखाली मी पावसात उभा राहिलो असतो आणि वर्ग भरवला असता. मुंबईतलं मोठं यंत्र बघून थक्क झालो होतो, ते समजण्यासारखं आहे, यंत्र होतं. इथे चिरे आणि करवंट्या होत्या, आणि आमच्या वाडीची सगळी घाण दोन महिन्यांत त्यांत शिरून बाहेर आली होती ती अशी.

गोडी बावही सुधारली. गावकराने सांगितलं की त्याने नवस बोलला होता. काका म्हणाला, "बरा केलंस."

जत्रा सहा दिवसांवर असताना काका एका लग्नाला सावंतवाडीला गेला, चार दिवसांसाठी. नेमकं त्याच दिवसांत दरडीखाली जिरणारं पाणी पुढे सरकून चिऱ्याच्या भेगेतून बाहेर आलं. नारळाच्या हिराएवढी धार. माघात, जेव्हा आमच्याकडे दगडाला घामसुद्धा येत नाही. देवळापासून वीस पावलांवर.

दुपारपर्यंत भेगेला हळदकुंकू लागलं. संध्याकाळपर्यंत नारळ फुटले. देवीचा झरा! दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून बैलगाड्या आल्या. वयनी पहिल्या रांगेत, दोन तांबे घेऊन. गावकराने गुडघ्यांना पाणी लावलं आणि उठून चार पावलं अशी चालून दाखवली की जणू त्याचं लग्न ठरलंय. गुरव, म्हणजे देवीचा पुजारी, झऱ्याशी पळी घेऊन बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत तीर्थ घालू लागला. तिसऱ्या सकाळी त्याने त्याच पाण्याने देवीला आंघोळ घातली.

मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं ते कुठलं पाणी आहे. मी काय केलं? माझ्या ओंजळीवर पळी आली तेव्हा म्हणालो, "माका सर्दी आसा," आणि शाळेत जाऊन पोरांकडून पाढे म्हणून घेतले. बोललो तर काकाचा मान जातो, असं मनाशी सांगितलं. त्या दिवशी वर्गातली तीन पोरं जुलाब लागले म्हणून आली नाहीत.

चौथ्या दिवशी काका एस.टी.तून उतरला. मी फाट्यावरच गाठून सगळं सांगितलं.

"काका, गप रव. जत्रा परवार आसा. होवन जांवदे, मगे सांग."

"आणि तोपर्यंत पोरां पितली?"

"उकळून पिवा म्हणान सांगतय. देवीक गरम पाणी आवडता म्हणान."

काकाने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. "तू मास्तर आसंस मा रे?" एवढंच म्हणाला आणि पिशवी माझ्या हातात देऊन चालू लागला.

झऱ्याशी सत्तर-ऐंशी माणसं. काका सरळ पुढे गेला आणि गुरवाच्या पळीवर हात ठेवला.

"ह्या पाणी कोणी पिव नकात."

"कित्याक?" गुरव चिडला. "देवीन दिलेला पाणी."

"देवीन नाय दिल्यान. मीया सोडलंय. वयनीच्या उकड्याचा, गावकाराच्या गोठ्याचा आणि सगळ्यांच्या न्हाणीचा पाणी ह्या."

लोक हसले. काका हसला नाही. "चला," म्हणाला.

सगळी रांग त्याच्यामागून निघाली. पहिल्या खड्ड्याचे बांबू त्याने बाजूला केले तेव्हा पुढचे मागच्यांवर आदळले. मग ठिबकणारे दगड, मग कोळसा, मग कर्दळ, मग तळं. आमच्या गावात ऐंशी माणसं एका जागी गप्प उभी असण्याचा हा एकच प्रसंग. देवळातल्या गाऱ्हाण्यालासुद्धा कुणीतरी खोकतं. काकाने तळ्यातलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हात धरलं. "दिसता निर्मळ. माडांक घाला, केळींक घाला, गोठो धुवा. पण जे डोळ्यांक दिसणत नाय असले जीव ह्यात अजून आसत. पिवचा तर उकळूनच, आणि तसा पण बावीचा आसताना ह्या कित्याक?"

वयनी तळ्याच्या काठावर बसली होती. सासरी जाऊन वर्षाने शालू नेसून परतलेल्या मुलीकडे बघावं तशी ती पाण्याकडे बघत होती.

"ह्या माजा पाणी?" तिने विचारलं. "खरा?"

"तुजाच," काका म्हणाला.

गावकराने पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला, पुन्हा बुडवलं. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं आश्चर्य होतं. मग त्याने मान वर केली आणि विचारायचं ते विचारलं.

"ह्या तू खंय शिकलंस?"

काकाला "पुस्तकात" म्हणता आलं असतं. मी डोळ्यांनी तसं सुचवतही होतो.

"मुंबैत," काका म्हणाला. "शहराचो मैलो जाता थय. अठ्ठावीस वर्सां थयच होतंय. पाणीखाता तां हेच."

पुढची माणसं अर्धं पाऊल मागे सरकली. कुणी ठरवून नाही, पाय आपोआप गेले.

"आणि त्याच हातांनी देवीचो हंडो?" गुरव म्हणाला.

"ह्याच हातांनी." काकाने हात पुढे धरले. "मान ऱ्हवता काय जाता, तुमी ठरवा. जत्रा परवार आसा, तेच्या आदी ठरवा."

गावकराने दोन-चार मानकऱ्यांकडे पाहिलं. "माणूस बरो तू," तो म्हणाला, "काम पण मोठा केलंस. पण देवीचो हंडो... मान ऱ्हवाचो नाय."

तेव्हा वयनी उठली. पदर खोचला. तिचा आवाज समुद्रावर गेला तरी लाट मागे फिरते.

"गुरवानू, काल देवीक न्हाण कसल्या पाण्यान घातलात?"

गुरव पळीकडे बघू लागला.

"बोला!"

"...ह्याच."

"मगे देवी खंय ठेवतलास? आणि गावकारानू, तुमी पिलात किती?"

"मी गुडघ्यांक लायलंय."

"आणि पिलात किती?"

"थोडा," गावकर म्हणाला. "तीन तांबे."

"मी सहा! माज्या उकड्याचा माकाच दिल्यात तीर्थ म्हणान, आणि मी म्हटलंय, कसा गोडा लागता गो बाय!" लोकांत हशा उसळला आणि दबला. "आता ह्याका विटाळ आसा तर तो सगळ्यांच्या पोटात आसा. ज्येच्या पोटात नाय तो पुढे येवा, आणि तेणी काढा ह्याचो मान."

कुणी पुढे आलं नाही. कसं येणार? गावात तीर्थ न घेतलेलं कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. काकाच्या चेहऱ्यावर हळूच रंग येऊ लागला.

आणि मग गुरव म्हणाला, "मास्तरान घेतल्यान नाय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मीच देय होतंय. माका सांगल्यान, सर्दी आसा." गुरवाचा चेहरा उजळला. "बरा झाला! मान घराण्याचो. काकाच्या जाग्यार पुतण्याक देवया. मान घरातच ऱ्हवलो, आणि देवीक पण निर्मळ माणूस गावलो."

बघता बघता सगळे माना डोलवू लागले. तोड अशी सोयीची की कुणाला काही सोडावं लागत नव्हतं, एका माणसाशिवाय. गावकराने तर माझ्या पाठीवर थापसुद्धा मारली. "मास्तर, परवा पाटे आंघोळ करून बावीर ये." वयनीने खोचलेला पदर सोडला. काका जमिनीकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. हो म्हण, असं.

अख्ख्या गावात मी एकटा शुद्ध होतो, आणि तो का होतो हे मला आणि काकाला ठाऊक होतं.

मी तळ्याच्या काठावर गुडघे टेकले, दोन्ही हातांची ओंजळ भरली आणि प्यायलो. मासे बाजूला झाले. दुसरी ओंजळ भरली, तीही प्यायलो. चव? कर्दळीची थोडी, कोळशाची थोडी, आणि खाली कुठेतरी उकड्या भाताची. मी डोळे मिटले तेव्हा मला देठांवरच्या त्या घंटा दिसल्या, फिरणाऱ्या, न थांबणाऱ्या.

"मेल्या!" काका ओरडला. "उकळूचा म्हणालंय मा!"

"आता?" मी तोंड पुसत गुरवाला विचारलं. "आता कोण उरलो?"

गुरवाने आजूबाजूला पाहिलं. मग त्याने पळी कमरेला खोचली आणि गावकराकडे बघत म्हणाला, "मगे हंडो जुन्याच माणसान घेतलेलो बरो. सवय आसा तेका."

"होय, होय," गावकर म्हणाला. "आणि झरो आजच बुजवा. दुसऱ्या गावची माणसां इली तर सांगा, देवीन परत घेतल्यान."

जत्रेच्या सकाळी काकाने गोड्या बावीवर राजू सोडला. पाणी वर आलं ते पहिल्या सूर्यात तांब्याच्या हंड्यात असं थरथरत होतं की काकाच्या तोंडावर प्रकाशाची जाळी नाचत होती. त्याने हंडा खांद्यावर घेतला. दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, आणि कुणीही अर्धं पाऊलसुद्धा मागे सरकलं नाही. हंड्यातून सांडलेलं पाणी वाटेवर पडत होतं, आणि बायका वाकून त्या ओल्या मातीला बोट लावून कपाळाला नेत होत्या. मी त्याच्यामागून निघालो होतो. देवळापर्यंत जायचं मनात होतं, पण माझ्या पोटाने काजूच्या बागेपर्यंतच परवानगी दिली, आणि त्या दिवसातली ती पाचवी खेप होती. झाडाआड बसून मी ढोल ऐकत राहिलो आणि पानांच्या फटीतून तांब्याचा हंडा चमकत चमकत चढण चढताना पाहिला, वर, देवळाच्या दारापर्यंत.